डाळ चुलीवर चढण्याआधीचा हिशेब

मुंबईतल्या एका गृहनिर्माण सोसायटीतल्या बाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बायका खूप कष्ट करतात, पण त्यांची मुलं सारखी आजारी असतात. सकाळी चहा-बटर, दुपारी पाच रुपयांचं वेफर्सचं पाकीट, संध्याकाळी वडापाव. वरण-भात, पालेभाजी, मोडाची उसळ हे काही श्रीमंतांचं खाणं नव्हे. त्याच पैशात हे का करत नाहीत? त्यांच्यासाठी सकस आहारावर एक व्याख्यान ठेवायचं म्हणतोय. उपयोग होईल का?"

प्रश्न आपुलकीने विचारलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देते. मी आहारतज्ज्ञ आहे. बावीस वर्षं मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या वस्त्यांमध्ये, त्यातली बहुतेक गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला, लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या पोषणाचं काम करते आहे.

आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. या बायकांना सकस आहार म्हणजे काय ते माहीत असतं. कुठल्याही गल्लीत दहा जणींना बसवा आणि विचारा, वाढत्या मुलाला काय द्यावं? अंडं, दूध, घट्ट वरण, हिरवी भाजी, केळं, शेंगदाण्याचा लाडू. न अडखळता सांगतील. अंगणवाडीताईंनी सांगितलेलं असतं, आशाताईंनी सांगितलेलं असतं, दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं असतात, आणि आईकडून-सासूकडून आलेलं शहाणपण वेगळंच. तरीही पहिली पाच-सहा वर्षं मी माझ्या अहवालांत कारणाच्या रकान्यात "माहितीचा अभाव" असंच लिहीत होते. तसं शिकवलेलं होतं, आणि ते लिहिलं की पुढचं काम सोपं होतं: माहिती द्यायची, सही घ्यायची, पुढच्या घरी जायचं.

ते लिहिणं एका घरात थांबलं. बाई मूळची जालन्याकडची, नवरा नाक्यावरचा बिगारी, तीन मुलं, आणि ती स्वतः चेंबूरला चार घरची भांडी करायची. मधल्या मुलीचं वजन चार महिने जागचं हलत नव्हतं. मी दर खेपेला तेच सांगायचे: हरभरा, मटकी भिजत घाल, आठवड्यातून तीनदा उसळ कर. ती दर वेळी मान हलवायची. चौथ्या खेपेला तिने वाद घातला नाही, फळीवरचा कुकर काढला आणि माझ्यापुढे ठेवला. झाकणाची रिंग कडक होऊन तडकली होती. "ताई, याला शिट्टी होत नाही. रिंग आणायची तर आजचं तेल येत नाही. आणि टोपात हरभरा शिजवायचा तर गॅस आठ दिवस आधी संपतो. तुम्ही सांगा, यातलं काय आधी करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवशी दोन तास तिच्याकडेच बसले आणि महिन्याचा हिशेब मांडला. तेव्हापासून हीच सवय लावून घेतली आहे, की आधी चूल बघायची, पाणी कधी येतं विचारायचं, पैसा कुठल्या दिवशी हातात येतो ते विचारायचं. आहाराचं बोलणं नंतर.

तोच हिशेब आजच्या भावाने मांडून बघू. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दोन हजार कॅलरींचं एका दिवसाचं ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिली, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम. मी हे ताट सगळ्यात स्वस्त जिनसांनी भरते. दाणे म्हणजे शेंगदाणे, फळ म्हणजे केळं, भाजी संध्याकाळच्या वाट्यातली. तरी मुंबईत माणशी दिवसाला ७५ रुपयांच्या आसपास जातात. दोन मोठी माणसं आणि तीन मुलं, मुलांचं खाणं कमी धरून हे कुटुंब चार माणसांएवढं मोजू. दिवसाला तीनशे, महिन्याला नऊ हजार. यात मीठ-मसाला नाही, चहा नाही, गॅस नाही.

आता मिळकत. नाक्यावरच्या माणसाला महिन्यात पंधरा-सोळा दिवस काम लागलं तर दहा-साडेदहा हजार. पावसाळ्यात त्याहून कमी. बायकोचे घरकामाचे सहा-सात हजार. झाले सतरा. खोलीचं भाडं पाच, वीज आणि पाणी मिळून दीड, गॅस एक, शाळा-रिक्षा-मोबाइल मिळून दोन, आणि गावाकडे म्हाताऱ्यांना पाठवायचे हजार. आजारपण आणि जुन्या कर्जाचा हप्ता अजून आलेलाच नाही, आणि हातात साडेसहा उरलेत. ताटाला नऊ हवेत. जी तूट राहते ती कुठून निघते? भाड्यातून निघत नाही, कारण घरमालक थांबत नाही. हप्त्यातून निघत नाही. ताट ही एकच जागा अशी आहे जिथे हात आखडता घेतला तर त्या दिवशी दारात कुणी येऊन उभं राहत नाही.

मग हात आखडताना काय होतं? पोट रिकामं राहू नये हे पहिलं. दहा रुपयांत किती ऊर्जा मिळते ते बघा. साखर ४५ रुपये किलो धरली तर दहा रुपयांत साडेआठशे कॅलरी. सुटं पाम तेल १४० रुपये किलोने सहाशेच्या वर. पाच-पाच रुपयांचे दोन बिस्किटपुडे साधारण साडेचारशे. तूरडाळ १४० च्या भावाने सुमारे अडीचशे. सात रुपयांचं एक अंडं सत्तर. मेथीची अर्धी जुडी निवडून उरते तेवढ्यात चाळीस-पन्नास. सफरचंदाची फोड पस्तीस. हे आकडे त्या बाईने कुठल्या पुस्तकात वाचलेले नसतात, पण कशाने मूल दोन तास गप्प झोपतं आणि कशाने अर्ध्या तासात परत "भूक लागली" म्हणत उठतं हे तिला आकड्यांपेक्षा पक्कं माहीत असतं. पालेभाजीत लोह असतं, फॉलिक ॲसिड असतं, पण ते आज रात्री मुलाला झोपवत नाही. तिचा निर्णय तिच्या परिस्थितीत बरोबर असतो. त्याचं नुकसान हळूहळू दिसतं, दोन वर्षांनी, उंचीच्या पट्टीवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली, आणि १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय.

तुम्ही म्हणाल, डाळ तर या यादीत वाईट नाही. खरंय, डाळ या सगळ्यात सर्वांत चांगला सौदा आहे, अडीचशे कॅलरींबरोबर पंधरा ग्रॅम प्रथिनंही देते. पण डाळ नुसती विकत घेऊन भागत नाही, ती शिजवावी लागते. इथे मला जरा थांबायचंय, कारण शिजवण्याच्या खर्चाचा विचार आपण कुणीच करत नाही.

२०२५ साली मुंबईत घरगुती सिलिंडर साडेआठशेच्या घरात होता. १४.२ किलो गॅस, म्हणजे किलोला साठ रुपये. हा दर ज्याच्या नावावर जोडणी आहे आणि एकदम साडेआठशे काढू शकतो त्याचा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे पत्त्याचा कागद नसतो, मग तो छोट्या सिलिंडरमध्ये किलो-दीड किलो गॅस भरून आणतो, किलोला शंभराच्या वर देऊन. गरिबाला तीच वस्तू महाग पडते ती अशी. तेलाचंही तेच. आपण पाच लिटरचा डबा आणतो, ती दहा रुपयांचं तेल पिशवीत बांधून आणते. चहापत्ती पाच रुपयांची पुडी, डाळ पावशेर, मसाला दोन रुपयांचा. मोजून बघितलं तर ती किलोमागे आपल्यापेक्षा जास्त देते. "महिन्याचं सामान एकदम भरा, स्वस्त पडतं" हा सल्ला मीही दिलेला आहे. पण रोजंदारीवाल्याकडे महिन्याचा पैसा एकदम येतच नाही. आणि आला तरी दहा बाय दहाच्या खोलीत डाळीचा डबा उंदरांपासून आणि पावसाच्या गळतीपासून कुठे ठेवायचा?

पाण्याची गोष्ट तर फार जणांना माहीत नसते. महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ आहे, त्यात तूरडाळ छान फुटते. ज्या गल्ल्यांत नळ नाही तिथे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी टँकरने येतं, ते जड असतं. जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, दाणा वेगळा आणि पाणी वेगळं. मग बायका चिमूटभर खायचा सोडा घालतात, चव जाते, आणि जीवनसत्त्वंही कमी होतात. मी एका घरात स्वतः बघितलंय, नळाचं पाणी मिळालं त्या दिवशी वरण आणि टँकरच्या दिवशी बटाट्याचा रस्सा. त्या घरी पाण्याच्या एका गॅलनला, म्हणजे मोठ्या कॅनला, पंधरा रुपये पडत होते. पालेभाजी खायची तर माती जाईपर्यंत तीन पाण्यांतून काढायला हवी. विकतच्या पाण्याने तीनदा धुतलेली वीस रुपयांची मेथी किती रुपयांना पडली, तुम्हीच मोजा. ती निवडायला अर्धा तास, आणि शिजून वाटीभर. उरली तर ठेवायला फ्रीज नाही, मे महिन्यात रात्रीपर्यंत आंबते. बटाटा निवडावा लागत नाही, चार दिवस टिकतो, सगळी मुलं खातात.

सगळी मुलं खातात, हे मी मुद्दाम लिहिलं. आपल्या घरात मुलाला एखादी नवी भाजी द्यायची तर तो पहिल्यांदा थुंकून टाकतो, दुसऱ्यांदा ताटात ढकलतो, आठव्या-दहाव्या खेपेला खायला लागतो. बालआहारात आम्ही हेच शिकवतो, धीर धरा, परत परत द्या. पण प्रत्येक नकार म्हणजे टाकलेलं अन्न. आपण ते टाकतो आणि दुसरं काही करून देतो. तिच्याकडे दुसरं काही नसतं. मूल उपाशी झोपलं आणि दहा रुपयांची दुधी कचऱ्यात गेली, असं दोनदा झालं की ती आई दुधी आणत नाही. मग त्या मुलाला दुधीची चव कधीच लागत नाही, आणि पुढे आपणच म्हणतो, या लोकांना भाज्यांची आवडच नाही.

वेळ. तुमच्याकडे येणारी बाई सकाळी किती वाजता येते? सात वाजता येत असेल तर ती साडेपाचला घराबाहेर पडली आहे, कारण त्याआधी शौचालयाची रांग आणि पाण्याची रांग झालेली आहे. मुलं उठतात तेव्हा घरात मोठं कुणी नसतं. सगळ्यात मोठी मुलगी, नऊ-दहा वर्षांची, तिला गॅस पेटवायला मनाई केलेली असते आणि हातात वीस रुपये ठेवलेले असतात. वीस रुपयांत तीन मुलांना गप्प बसवणारी, न शिजवता खाता येणारी आणि गल्लीच्या तोंडाशी मिळणारी वस्तू कुठली? तुम्ही जे पाकीट बघता ते या प्रश्नाचं उत्तर आहे. आम्ही एकदा एका गल्लीतल्या सगळ्या दुकानांची नोंद केली. पाकिटांच्या माळा प्रत्येक दुकानाच्या दारात लोंबत होत्या, केळी एकाही दुकानात नव्हती. केळ्याची गाडी नाक्यावर, हमरस्ता ओलांडून.

त्या पाच रुपयांत आणखीही एक गोष्ट असते, आणि तिच्यामुळे मला आजही गलबलून येतं. गरीब घरातली आई दिवसभर मुलांना "नाही" म्हणत असते. सायकल नाही, सहलीला जायचं नाही, नवा शर्ट दिवाळीला बघू. पाच रुपयांचं पाकीट ही एकच मागणी अशी असते जिला ती लगेच "घे" म्हणू शकते. एका आईने मला सांगितलं होतं, "तेवढ्यापुरतं तरी त्याला वाटतं ना, आपल्या आईकडं पैसं हायेत." त्या दुपारी तिला मीठ, साखर आणि तळणाचे तोटे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

मग रेशन कुठे जातं, हा प्रश्न येणारच. अन्न सुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला पाच किलो तांदूळ-गहू मिळतो, २०२३ पासून मोफत. ज्यांना मिळतो त्यांना त्याचा फार मोठा आधार आहे, तो नसता तर त्यांचा हिशेब कोसळलाच असता. पण महाराष्ट्रात शहरातल्या कुटुंबाला या यादीत यायचं तर वार्षिक उत्पन्न ५९ हजारांच्या आत हवं. महिन्याला पाच हजारही नाही. मुंबईत नवरा-बायको दोघं राबतात ते कुटुंब या रेषेखाली बसूच शकत नाही. खरा आकडा लिहिला तर कार्ड नाही, कार्ड हवं तर खोटा आकडा. कितीतरी घरांत केशरी कार्ड कपाटात आहे आणि दुकानात त्याच्यावर दाणा मिळत नाही. शिवाय मिळतं ते धान्य. डाळ आणि तेल त्या हक्कात नाही. गहू दळायला गिरणीत परत पैसे, तांदूळ तसाच शिजतो, म्हणून तांदूळच जास्त खाल्ला जातो. मराठवाड्यातून आलेल्या म्हाताऱ्या बायका सांगतात, त्यांच्या लहानपणी भात सणाला व्हायचा, रोजची भाकरी ज्वारीची. १९७२ च्या दुष्काळात मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी) आणि सुकडीवर दिवस काढलेली ही माणसं. आज ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आहे, आणि पीठ असलं तरी एका बर्नरवर पाच माणसांच्या भाकरी थापत बसायला वेळ कुणाला आहे?

"मग गुटख्याला, दारूला पैसे कुठून येतात?" हे तुम्ही विचारलं नाहीत, पण व्याख्यानाच्या चर्चेत कुणीतरी विचारेलच, म्हणून सांगते. काही घरांत ते पैसे जातात आणि त्या घरांतल्या मुलांचं फार वाईट होतं, हे मी झाकणार नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि तो मिळतो. पण ज्या घरांत पुरुष सुपारीलाही शिवत नाही तिथलं ताटही मी बघितलंय, ते फारसं वेगळं नसतं. आणि तंबाखूची आणखी एक बाजू आहे. बायका मशेरी लावतात, कारण ती भूक मारते. सकाळी मशेरी आणि काळा चहा घेतला की दुपारी दोनपर्यंत काही लागत नाही, असं कितीतरी जणी सांगतात. रात्री सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर जे उरतं ते ती खाते. अंडं एकच असलं तर ते नवऱ्याचं किंवा मुलाचं, कारण नवरा ओझं उचलतो आणि मुलगा शाळेत जातो. मुलगीही शाळेत जाते, आणि बाईही ओझं उचलतेच.

मी माहितीला कमी लेखत नाही. काही गोष्टी अशा आहेत ज्या सांगितल्याने खरोखर फरक पडतो, कारण त्यांना पैसा लागत नाही. जेवणाबरोबर चहा घेतला की अन्नातलं लोह पुरेसं अंगी लागत नाही, तासभर अंतर ठेवा. ताटात लिंबाची फोड पिळली की तेच लोह जास्त लागतं. सहा महिन्यांनंतरच्या बाळाला डाळीचं वरचं पाणी न देता खालची घट्ट डाळ भातात कुस्करून, वर चमचाभर तेल घालून द्या, कारण बाळाचं पोट लहान असतं आणि पाण्यानेच भरून जातं. डाळ, हरभरा आधी भिजत घातला की गॅस वाचतो. मुळ्याचा पाला, फ्लॉवरची कोवळी पानं टाकू नका. सुकट, जवळा, बोंबील हे तर मला वस्तीतलं सोनं वाटतं: फ्रीज लागत नाही, मूठभरात भरपूर प्रथिनं आणि कॅल्शियम, दहा मिनिटांत चटणी तयार. देवनारच्या कत्तलखान्याच्या आसपासच्या घरांत वजडी, पाया, कलेजी स्वस्तात मिळते आणि रक्तक्षयाला कलेजीसारखं अन्न नाही. पण कितीतरी आहारतक्त्यांत बदाम असतात आणि कलेजी नसते. तक्ते करणाऱ्यांनी एकदा त्या बाजारातून फिरून यावं, असं मला मनापासून वाटतं.

ज्या गोष्टींनी मोठा फरक पडताना मी बघितलाय त्या मात्र सगळ्या शिजलेल्या अन्नाच्या आहेत. जिथे अंगणवाडीत किंवा पाळणाघरात ताजं गरम जेवण मिळतं तिथली मुलं तीन महिन्यांत वेगळी दिसू लागतात. त्यात चूल, पाणी, वेळ आणि नकाराचा धोका हे चारही खर्च आईच्या डोक्यावरून उतरतात. आणि शेजारचं मूल खातंय बघून आपलंही खातं. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० साली सुरू झाली तेव्हा नाक्यावरच्या कामगारांना मी दुपारी वडापावऐवजी चपाती, भाजी, वरण-भात खाताना बघितलं. कुणी त्यांना व्याख्यान दिलं नव्हतं. उलट बाजूने बघा, अंगणवाडीतल्या मुलामागे रोजचे ८ रुपये हा दर २०१७ साली ठरला, म्हणजे आजच्या एका अंड्याला जेमतेम पुरतील एवढे. शाळांत आठवड्याला एक अंडं द्यायचा निर्णय राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचे पैसे बंद केले. आमच्या भागातल्या मुलांना तो अंड्याचा वार पाठ झाला होता.

आता तुम्ही काय करू शकता. तुम्ही थेट पगार देणाऱ्या आहात, म्हणून तुमच्या हातात माझ्यापेक्षा जास्त आहे. पगार ठरलेल्या तारखेला, एकाच दिवशी द्या. चार घरचे पैसे चार वेगवेगळ्या तारखांना, तुकड्या-तुकड्यांत आले की ते पुड्या आणण्यातच जातात. पाच तारखेला एकरकमी सहा हजार हातात पडले तर तेल-डाळ महिन्याची भरता येते. आठवड्याची एक सुट्टी आणि आजारपणाची रजा पगार न कापता द्या. ज्या घरांत मी उसळ आणि पालेभाजी बघितली ती बहुधा सुट्टीच्या दिवशी बघितली. ती कामाला येते तेव्हा चहाबरोबर काहीतरी खरं खायला द्या, तुमच्या नाश्त्यातलं, त्याच वेळचं. कालचं उरलेलं पिशवीत बांधून देताना ते तुम्ही स्वतः आज खाल का, हे एकदा बघा. आणि सोसायटीने वर्गणी काढायचीच असेल तर त्यांना विचारा कुणाचा कुकर बंद पडलाय. आमच्याकडे दोन वर्षं आम्ही कुकरच्या रिंगा, व्हॉल्व्ह आणि झाकण घट्ट बसणारे डबे एवढंच वाटलं. छापील तक्त्यांपेक्षा स्वस्त पडलं.

जालन्याच्या त्या बाईच्या घरी पुढच्या खेपेला मी रिंग घेऊन गेले होते. तिने ती पाण्यात बुडवून बसवली, झाकण लावलं, आणि पहिली शिट्टी होईपर्यंत आम्ही दोघी कुकरकडे बघत बसलो. मुलीचं वजन त्याने एकट्याने वाढलं नाही. पुढे जवळ अंगणवाडी सुरू झाली, तिथे ती जाऊ लागली, तेव्हा काटा हलला.

व्याख्यानाचं म्हणाल तर ठेवा, मी येईन. चहा-लोहाचं, लिंबाचं आणि बाळाच्या घट्ट डाळीचं एवढंच बोलेन, वीस मिनिटं. उरलेल्या वेळात त्यांना बोलू द्या आणि तुमच्यापैकी पगार देणाऱ्या सगळ्यांनी बसून ऐका. त्या वेळेचे पैसे कापू नका. आणि दिवस ठरवताना संध्याकाळची वेळ धरू नका, आमच्या बाजूच्या बऱ्याच गल्ल्यांत साडेसहाला पाणी येतं.